प्रयोगशाळेतील सुरक्षितता : भीती नको, माहिती हवी

आपल्या वस्त्यांमधील मुले-मुली आज विज्ञान शाखेकडे वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांपैकी अनेकांच्या घरी यापूर्वी कोणीही प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही. शाळा म्हणजे फळा, बाके आणि वह्या-पुस्तके एवढे आई-वडिलांना ठाऊक असते. ज्या खोलीत आम्लाच्या बाटल्या, स्पिरीटचे दिवे आणि काचेच्या नळ्या मांडलेल्या असतात, तेथे आपले मूल नेमके काय करते याची त्यांना कल्पना नसते. कल्पना नसली की भीती वाटते. घरून निघताना 'त्या बाटल्यांना हात लावू नकोस' एवढाच उपदेश मुलाला मिळतो.

ही भीती केवळ घरातच असते असे नाही. काही शाळाही तिला बळी पडतात. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, या विचाराने प्रयोगशाळेला कुलूप लागते. शिक्षक वर्षातून दोन-चार प्रयोग स्वतः करून दाखवतात आणि मुले निरीक्षणे जर्नलमध्ये उतरवून घेतात. असे विद्यार्थी बारावीला पोहोचतात तेव्हा रसायनशास्त्राच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ब्युरेट प्रथमच हातात आलेली असते. ज्याने नववी-दहावीत विरल आम्लाचे चार थेंब हाताळले नाहीत, त्याच्यासमोर पुढे संहत आम्लाची बाटली येते. बंद प्रयोगशाळेत अपघात होत नाही हे खरे, पण तो पुढे ढकलला जातो, एवढेच. म्हणून या लेखात आम्ही नियमांची यादी देणार नाही. ती प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेली असते आणि क्वचितच वाचली जाते. काही मोजक्या नियमांमागचे कारण सांगावे, असा आमचा विचार आहे. कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

प्रथम आम्ल आणि पाणी. 'आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे' हे वाक्य बहुतेकांना पाठ असते, पण ऐन वेळी उलटसुलट होते. कारण असे आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल, ज्यास जुने लोक गंधकाम्ल म्हणत, ते पाण्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पटींहून अधिक जड असते; त्याची घनता सुमारे १.८४ आहे. पाण्याशी मिसळताना ते फार मोठी उष्णता बाहेर टाकते. आता आम्लाच्या पात्रात थोडे पाणी ओतले तर काय होईल? हलके पाणी वर तरंगते, तेवढ्याच थरात सर्व उष्णता निर्माण होते, पाणी क्षणात उकळते आणि त्या वाफेबरोबर आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडतात. फोडणीच्या तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की जे होते, तसेच हे दृश्य असते. उलट, भरपूर पाण्यात आम्ल बारीक धारेने, काचेच्या कांडीने ढवळत सोडले तर जड आम्ल खाली उतरते, उष्णता सर्व पाण्यात विभागली जाते आणि पात्र केवळ कोमट किंवा गरम होते. स्वयंपाकघरातील ते तेल आठवले की प्रयोगशाळेतील नियम विसरणार नाही. मात्र विरलीकरणाचे हे काम विद्यार्थ्यांचे नव्हे. ते शिक्षकांनी किंवा प्रयोगशाळा सहाय्यकांनी आधी करून ठेवायचे असते.

आम्ल अंगावर सांडलेच तर? येथे एक मोठा गैरसमज आहे. पुस्तकात उदासिनीकरण शिकल्यामुळे हुशार विद्यार्थ्याला वाटते की आम्लावर अल्क टाकले की झाले. त्वचेवर असा प्रयोग करू नये. उदासिनीकरणातही उष्णता निर्माण होते आणि योग्य प्रमाण कोणालाच माहीत नसते. नळाखाली हात धरावा आणि भरपूर वाहत्या पाण्याने धूत राहावे, हाच उपाय. कपड्यावर सांडले असेल तर लाज बाजूस ठेवून तो कपडा तत्काळ उतरवावा. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद किंवा दौतीतील शाई लावण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडून द्यावी. भाजलेला भाग सुमारे वीस मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरल्याने त्वचेतील उष्णता निघून जाते. वरून लावलेल्या लेपामुळे ती आतच राहते आणि डॉक्टरांना जखमही नीट दिसत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत तर मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा हिशोब असतो. आम्लाची भीती सर्वांना वाटते. पण डोळ्याला त्याहून अधिक धोका कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कांचा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आम्ल पडले की डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि तो गोठलेला थर आम्लाला काही प्रमाणात आत जाण्यापासून अडवतो. अल्क मात्र पेशींच्या आवरणातील स्निग्ध पदार्थाचा साबण बनवत खोल शिरत जाते. पानाबरोबर खाण्याचा चुना हाही अल्कच. चुन्याची पुडी दाबताना फुटून लहान मुलांचे डोळे अधू झाल्याची उदाहरणे आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदविली आहेत. तेव्हा ही माहिती प्रयोगशाळेपुरती नाही, घरातील आजी-आजोबांनाही सांगण्यासारखी आहे. डोळ्यात काहीही उडाले तरी पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची मंद धार सोडावी. मूल रडेल, डोळा मिटेल, सोबतचे लोक 'आधी दवाखान्यात न्या' म्हणून घाई करतील. आधी पाणी, मग दवाखाना. आणि जाताना कोणते रसायन होते, त्याचे नाव कागदावर लिहून सोबत न्यावे.

संरक्षक चष्मा वापरण्याची टाळाटाळ केवळ विद्यार्थी करतात असे नाही, शिक्षकही करतात. अशा वेळी मायकेल फॅरडे यांची हकीकत सांगावीशी वाटते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ साली सर हंफ्री डेव्ही हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ नायट्रोजन ट्रायक्लोराईड या स्फोटक पदार्थावर काम करीत असताना स्फोट झाला आणि त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. काही दिवस त्यांना लिहिता-वाचता येईना, म्हणून टिपणे घेण्यासाठी या तरुणास बोलावण्यात आले. पुढे १८१३ मध्ये फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहाय्यक म्हणून रुजू झाले. त्या पदार्थावरील प्रयोग पुन्हा सुरू झाले तेव्हा गुरू-शिष्य दोघेही तोंडावर काचेचे मुखवटे चढवून उभे राहत असत. दोनशे वर्षांपूर्वी, प्लास्टिकचा साधा चष्माही उपलब्ध नसताना, त्यांनी एवढा धडा घेतला होता.

आता स्पिरीटच्या दिव्याकडे वळू. ज्या शाळांत गॅसची सोय नाही, तेथे सर्व भिस्त या दिव्यावर असते. तो इतका लहान आणि निरुपद्रवी दिसतो की आम्हांला शाळेतील सर्वांत धोक्याची वस्तू कोणती असे कोणी विचारले तर आम्ही आम्लाच्या आधी त्याचे नाव घेऊ. घरात रॉकेलचा दिवा किंवा स्टोव्ह पाहिलेल्या पिढीला वाटते की हाही तसाच. परंतु रॉकेलची वाफ पेट घेण्याइतकी तयार होण्यास ३५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. स्पिरीटला पंधरा अंशांच्या आसपासचे तापमानही पुरते. म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर, उघड्या स्पिरीटच्या बाटलीच्या तोंडाशी पेटण्यास सज्ज अशी वाफ जमलेलीच असते. शिवाय स्पिरीटची ज्योत निळसर आणि फिकी असते. खिडकीतून ऊन येत असेल तर ती दिसतही नाही. दिवा विझला आहे असे समजून कोणीतरी वरून स्पिरीट ओततो, आणि ज्योत धारेवरून चढत थेट बाटलीत शिरते.

हे कल्पनेतील नाही. २०१४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधील एका शाळेत क्षारांच्या ज्योतींचे निरनिराळे रंग दाखविण्याचा प्रयोग चालू होता. इंधन म्हणून मिथेनॉल वापरले होते आणि मोठी बाटली टेबलावर जवळच होती. त्यातून आणखी मिथेनॉल ओतले जात असताना भडका उडाला. दोन विद्यार्थी भाजले, त्यांपैकी एक अत्यंत गंभीररीत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात डेन्व्हर येथील एका शाळेतही मिथेनॉलच्याच भडक्याने विद्यार्थी जखमी झाले. त्यानंतर अमेरिकेतील रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने शाळांना उद्देशून खास सूचना काढली. साधनांची सुबत्ता असलेल्या देशात हे घडते, तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. साठ्याची बाटली ज्योतीजवळ असू नये, या एका गोष्टीचा आहे.

म्हणून दिव्यात स्पिरीट भरायचे ते तास सुरू होण्यापूर्वी, दोनतृतीयांशापेक्षा जास्त नाही, आणि भरून झाल्यावर बाटली कपाटात गेलीच पाहिजे. एका दिव्यावर दुसरा दिवा तिरपा करून पेटवू नये, कारण तिरपा केला की स्पिरीट वातीच्या बाजूने गळते. विझवताना फुंकर मारू नये, वरून टोपण घालावे. हवा मिळाली नाही की ज्योत आपोआप मरते. टोपण हरवलेला दिवा वापरातून काढून टाकावा. आमच्या पाहण्यात अशा टोपण हरवलेल्या दिव्यांची संख्या फार आहे.

आगीच्या संदर्भात कपड्यांचा विचार केला पाहिजे. शाळेचे गणवेश बहुधा टेरिकॉटचे, म्हणजे कृत्रिम धागा मिसळलेले असतात. सुती कापड जळते, पण त्याची राख होऊन गळून पडते. कृत्रिम धागा वितळतो आणि कातडीला चिकटून जळत राहतो. २००८ च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत हवेशी संपर्क येताच पेट घेणारे एक रसायन सिरिंजने काढताना अंगावर उडाले. ते हाताळणाऱ्या तेवीस वर्षांच्या तरुण सहाय्यिकेच्या अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर ॲप्रन नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. आपल्या शाळेत तसली रसायने नसतात. परंतु टेरिकॉट असतो, ओढणी असते, मोकळी वेणी असते. सुती ॲप्रन घालावा, ओढणी कमरेला खोचून घ्यावी, केस बांधावेत, पायांत बंद बूट असावेत. ॲप्रन म्हणजे डॉक्टर झाल्याचा दिमाख नव्हे. घरी जुन्या सुती चादरीचा शिवलेला ॲप्रनही तेवढेच काम करतो. कोणाच्या कपड्यांनी पेट घेतलाच तर त्याला पळू देऊ नये, खाली आडवे करून लोळवावे आणि घोंगडीत गुंडाळावे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी वाळूच्या बादलीबरोबर एक जाड घोंगडी टांगून ठेवणे हा आपल्या परिस्थितीत उत्तम उपाय आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तोंडाविषयी. प्रयोगशाळेत कशाचीही चव घेऊ नये, हे तुम्हांला वारंवार सांगितले जाते आणि तुम्ही हसता, कारण रसायन कोण खाईल असे तुम्हांला वाटते. पण सल्फेटच्या परीक्षेसाठी वापरले जाणारे बेरियम क्लोराईड दिसायला मिठासारखे पांढरे असते आणि ते विषारी आहे. गंमत अशी की, पोटाचा एक्स-रे काढताना रुग्णाला जे पांढरे द्रावण पाजतात त्यातही बेरियमच असते. परंतु ते बेरियम सल्फेट असून पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीरात न शोषले जाता बाहेर पडते. धातू एकच, क्षार बदलला की विषाचे औषध होते. त्यामुळे 'बेरियम' एवढा शब्द वाचून बाटली उचलणे पुरेसे नाही. चिठ्ठीवरचे पूर्ण नाव वाचावे. बाटलीतून ओतताना चिठ्ठी तळहाताकडे ठेवावी, म्हणजे ओघळ तिच्यावरून जाऊन अक्षरे पुसली जात नाहीत. चिठ्ठी पुसलेली बाटली ही सर्वांत वाईट बाटली.

तोंडाचा दुसरा प्रश्न पिपेटचा. बारावीत पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन असते. अजूनही अनेक ठिकाणी द्रावण तोंडाने ओढून पिपेट भरण्याचा परिपाठ आहे. 'आम्ही असेच शिकलो' हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. पिपेटचे टोक द्रावणाच्या वर आले की हवा ओढली जाते आणि पुढच्याच क्षणी द्रावण घशात जाते. रबरी फुग्याने पिपेट भरण्याचा सराव एका तासात होतो.

काचेविषयी थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेत रक्त येते ते बहुतेक वेळा काचेमुळेच. बुचात काचेची नळी बसवताना नळी पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओली करावी, हाताभोवती फडके गुंडाळावे आणि नळी बुचाच्या अगदी जवळ धरून फिरवत आत घालावी; लांब धरली की ती मोडून तळहातात घुसते. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असते, एवढे ध्यानात ठेवावे. परीक्षानळी तापवताना तिचे तोंड स्वतःकडे नको आणि शेजाऱ्याकडेही नको.

सोडियमचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवून का ठेवतात, हे परीक्षेत विचारले जाते आणि सर्वजण बरोबर उत्तर लिहितात. तरीही उरलेला तुकडा हात धुण्याच्या मोरीत टाकण्याचा मोह होतो. तेथे ओल असते. सोडियम पाण्याशी अभिक्रिया पावून हायड्रोजन देते, उष्णतेने तो हायड्रोजन पेटतो, आणि अरुंद नळीत असल्यामुळे स्फोट होतो. सोडियमची आग पाण्याने विझत नाही, कोरडी वाळूच टाकावी लागते. उरलेले तुकडे शिक्षकांकडे परत द्यावेत.

पाऱ्याबद्दल मुलांना विलक्षण आकर्षण असते. थर्मामीटर फुटला की चमकणारे गोळे तळहातावर खेळवले जातात. पारा साध्या तापमानालाही हवेत वाफेच्या रूपाने जात असतो, ती वाफ दिसत नाही आणि तिला वासही नाही. श्वासावाटे जाऊन ती मज्जासंस्थेला अपाय करते. पारा केरसुणीने झाडू नये, त्याचे आणखी बारीक गोळे होऊन फटींत शिरतात. खिडक्या उघडाव्यात, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी गोळे एकत्र करून झाकणाच्या बाटलीत भरावेत, आणि उरलेल्या जागी गंधकाची पूड टाकावी. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली झालेल्या मिनामाता आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये अधिकृत मान्यता दिली आहे. शाळेने नवे थर्मामीटर घेताना रंगीत अल्कोहोलचे घेतले तर हा प्रश्नच मिटतो. जुन्या प्रयोगशाळांतील तिवईवरच्या ज्या जाळीच्या मध्यभागी ॲस्बेस्टॉसची पांढरी चकती असते, तीही बदलून घ्यावी. तिचे झिजलेले तंतू फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी गंभीर आजार होतो.

एक गोष्ट मात्र अशा लेखांतून नेहमी राहून जाते. सुरक्षिततेची चर्चा विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याभोवती फिरते. पण प्रयोगशाळेत सर्वाधिक वेळ कोण असतो? प्रयोगशाळा परिचर. मोठ्या बाटलीतून संहत आम्ल लहान बाटल्यांत भरणे, फुटलेली काच उचलणे, रसायनांनी माखलेल्या नळ्या धुणे, मोरी मोकळी करणे ही कामे तोच करतो, आणि बहुधा उघड्या हातांनी. मुले वर्षात वीस-पंचवीस तास तेथे असतात, तो तीस वर्षे असतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील माणसे हे काम करीत आली आहेत. त्यांना रबरी हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन शाळेने दिले पाहिजेत, आणि कोणत्या बाटलीत काय आहे हे मराठीत समजावून सांगितले पाहिजे. विद्यार्थ्यांनीही नळी परत देताना ती एकदा पाण्याने विसळून द्यावी, फुटलेली काच कागदाच्या कचऱ्यात टाकू नये. टोपलीत हात घालणारा माणूस आपल्याला दिसत नसतो.

शेवटी पालक बंधू-भगिनींना एक विनंती. शाळेच्या पालक-सभेला गेल्यावर गुणांची चौकशी आपण करतोच. त्याबरोबर प्रयोगशाळा एकदा पाहण्याची परवानगी मागावी. त्यासाठी विज्ञान शिकलेले असण्याची गरज नाही. नळाला पाणी येते का, ते पाहावे. मुले आत असताना दोन्ही दारे उघडी असतात का, वाळूच्या बादलीत वाळू आहे की कचरा, बाटल्यांवर नावे वाचता येतात का, हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणत्याही माउलीला एका नजरेत कळेल. आणि निघताना गुरुजींना किंवा बाईंना आदराने विचारावे, की या वर्षी माझ्या मुलीने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले.